सहीखालची वेळ

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्या एका खोडीनं परवा माझी केस जिंकून दिली. हसू नका.

सोलापूरच्या उन्हात घामानं नाकावरून घसरणाऱ्या चष्म्याला कंटाळून मी लेझरनं नंबर काढून घेतला. नंबर गेला, पण डोळे पार कोरडे पडले आणि दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. चिंचोळीच्या ऑफिसातून संध्याकाळी स्कूटीवर घरी येणं बंद झालं. असं होऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटल म्हणालं, सगळं संमतिपत्रात होतं, तुम्ही वाचून सही केलीत. वकीलबाई म्हणाल्या, पोलीस वगैरे नको, ग्राहक आयोगात तक्रार करू. मला भरपाईपेक्षा एवढंच हवं होतं, की मी खोटं बोलत नाही हे कुणीतरी म्हणावं.

कागद मागवले, तर माझ्या वाकड्या सहीखाली वेळ: दहा वीस. आणि त्यांच्याच तक्त्यात डोळ्यांत नजर धूसर करणारे थेंब घातल्याची वेळ दहा पाच. म्हणजे अक्षर दिसत नसताना सही घेतली होती. घड्याळही दिसत नव्हतं, नर्सला विचारून लिहिलं होतं मी. आयोगात विचारलं, "ही वेळ कुणी टाकली?" म्हटलं, "मीच. वडिलांची सवय."

चादरीच्या कारखान्यात तुम्ही चेकर. दुसऱ्याच पाळीत सुटलेला चादरीवरचा डाग एकदा तुमच्या माथी मारला, तेव्हापासून तुमच्या प्रत्येक सहीखाली वेळ. रजेचा अर्ज असो, बँकेची स्लिप असो, माझं प्रगतिपुस्तकसुद्धा सुटलं नाही. "सही केलीस की टाइम टाक की गं. उद्या कोन काय बी म्हनंल," चहा बशीत ओतत तुम्ही म्हणायचात.

निकाल माझ्या बाजूनं लागला. डोळ्यांत रोज थेंब घालते, संध्याकाळी बसनं येते, बहुतेकदा खिडकीची जागा मिळते. माझं बरं चाललंय.

एकच राहिलं. आठवीत प्रगतिपुस्तकावरची वेळ खोडलेली बघून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी म्हटलं, बाईंनी खोडायला लावली. "बाईस्नी आवडत न्हाय तर ऱ्हाऊ दे," म्हणालात, आणि दहावीपर्यंत नुसतीच सही करत राहिलात. बाई काही बोलल्याच नव्हत्या, अण्णा. मुली हसायच्या, म्हणून मीच खोडली होती.