एकेचाळीस नोंदी

९ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचलो बाप्पा एकदाचा जबलपूरला! नागपूरहून निघताना बाबांनी ही खिशात मावणारी वही हातात कोंबली. म्हणाले, अजिंक्य, फोनवर तू हं-हं करतोस नि ठेवून देतोस, निदान इथे तरी रोज चार ओळी लिही. बरं, लिहितो.

नोकरी महाराजपूरच्या पुढे, मटारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. सहा खोल्या, प्रत्येकीत उणे अठरा. कॉम्प्युटरचं सगळं मी एकट्यानं बघायचं. मालक भय्यासाहेब, चार पिढ्यांपासून इथले मराठी. घरात मराठी, गोदामात हिंदी, आणि रागावले की दोन्ही एकदम. माझ्याशी मात्र गोड बोलले. आवारातच एक खोली दिली, पंखा आहे, खिडकीही आहे. आवारभर मटारचा वास सुटलाय. पहिल्या दिवशी छान वाटतो, पुढचं पुढे पाहू.

१० फेब्रुवारी

पॅकिंग हॉल सांभाळणाऱ्या पार्वताबाईंनी आज सगळं फिरवून दाखवलं. मूळच्या भंडाऱ्याच्या, त्यामुळे त्यांची भाषा ऐकून जीव भांड्यात पडला. मला बाबूच म्हणतात. माझा स्वेटर बघून त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, हे काय लेवून आलास बाबू, बडा फुहाऱ्याच्या बाजारात जा नि चांगलं जाड जॅकेट घे, नाही तं गोठून मरशीन.

प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला दोरीनं पेन्सिल बांधलेली असते, तापमानाच्या तक्त्यासाठी. तिथे पेनची शाई गोठते म्हणे. दार आतून उघडायला एक दांडा असतो, तो ढकलायचा. दांडाच अडकला तर शेजारी लाल बटण. ते दाबलं की मशीन रूममध्ये भोंगा वाजतो नि माणूस धावत येतो.

चार नंबरची खोली बंद आहे, कुलूप लावून. मी विचारलं, काहून बंद? बाई पाच नंबरचं दार उघडायला पुढे निघाल्या.

१२ फेब्रुवारी

जॅकेट आणलं. निळं, आतून लोकरीचं. घासाघीस करूनही गंडलोच असेन.

मशीन रूममधला मुरलीधर चहा पिताना बोलून गेला. पार्वताबाईंचे नवरे देवीदास गेल्या वर्षी ११ जानेवारीला चार नंबरमध्ये गेले. गोठून. दांडा अडकला होता का, माहीत नाही. भोंगा वाजला नाही, बटणाची कुठेच नोंद नाही. म्हणून ठरलं की दारू पिऊन आत झोपला. मुरलीधर म्हणाला, भैया, मैंने तो उसको कभी पीते नहीं देखा. आणि कप विसळायला उठला.

मी उगाच विचारलं. अर्धा चहा तसाच ओतून दिला.

१६ फेब्रुवारी

विम्याचा साहेब येणार आहे. त्याला दाखवायला भोंग्याच्या नोंदी काढ, असं भय्यासाहेबांनी सांगितलं. काढतो कुठून? नोंदवही कोरी आहे, एक ओळ नाही!

बाबांना समजेल असं लिहितो. प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतःची एक नोंदवही असते. आपलं एक वेब ॲप्लिकेशन सगळ्या खोल्यांची दारं, बटणं, तापमान बघतं. कुणी बटण दाबलं की त्यानं या वहीत ओळ लिहायची. भोंगा वहीवर लक्ष ठेवून असतो, बटणाची ओळ पडली की तो बोंबलतो. पण वेब ॲप्लिकेशन बाहेरच्यांशी बोलतं, म्हणून कॉम्प्युटर त्याला वहीला हात लावू देत नाही. आधी ॲडमिननं त्याचं नाव एकदा नोंदवून लिहायची परवानगी द्यावी लागते. दहा मिनिटांचं काम. बसवणाऱ्या पठ्ठ्यानं ते केलंच नाही.

म्हणजे दोन वर्षं ॲप ओळ घेऊन जातंय, कॉम्प्युटर परवानगी नाही म्हणून परत पाठवतोय, आणि ॲप मुकाट्यानं ती ओळ एका फाइलीत ठेवून देतंय, पुढे कधी परवानगी मिळाली तर लिहू म्हणून. कुणाला कळलं नाही, कारण दर महिन्याची चाचणी मुरलीधर भोंग्यावरच्याच बटणानं करायचा. भोंगा वाजला, चाचणी झाली, चला घरी. खोलीतलं बटण दाबून बघायला कोण त्या थंडीत जातो?

लिहिता लिहिता लक्षात आलं. त्या फाइलीत ११ जानेवारी पण असेल.

१७ फेब्रुवारी

सकाळी अकराला परवानगी दिली. साठलेल्या ओळी धडाधड वहीत पडायला लागल्या. आणि भोंगा सुरू झाला.

आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. थांबायचा, परत वाजायचा. लोक हातातलं टाकून पळाले, कुणी एक नंबरकडे, कुणी सहाकडे. पार्वताबाई मात्र थेट चारकडे गेल्या. कुलूप लावलेल्या दारावर दोन्ही पंजे टेकून उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत होतो.

वहीत सगळं आहे. खोली चार, आतलं बटण, ११ जानेवारी, दुपारी ३:५२. मग ३:५३. मग दर दोन-तीन मिनिटांनी. शेवटची ५:१९. मी तीनदा मोजल्या, एकेचाळीस नोंदी.

माणूस झोपला नव्हता. तो दीड तास बटण दाबत होता.

भय्यासाहेबांना दाखवलं. खालपर्यंत सगळ्या ओळी वाचल्या. मग म्हणाले की कॉम्प्युटर काय, काहीही दाखवतो. सीझन होऊ दे, मग बघू. बाईंना उगाच त्रास नको. मी मान डोलावली. काहून डोलावली?

१८ फेब्रुवारी

आज परत वाजला. खोली चार, आतलं बटण. पण तारीख आजची! दुपारी ३:५२.

फाइल रिकामी झाली होती, मी स्वतः तपासली होती. खोली वर्षभर बंद आहे. तरी ओळी पडत गेल्या. एकेचाळीस, शेवटची ५:१९.

वायरिंगचा घोळ असणार.

२० फेब्रुवारी

रोज वाजतो, त्याच वेळी. पॅकिंगच्या पोरी ३:४५ लाच हॉल सोडून गेटवर जाऊन बसतात.

आज मी नि मुरलीधरनं कुलूप काढलं. आत खोली नुसती गरम, कोंदट, मशीन बंद आहे ना. बटणाची तार कापलेली आहे. दोन्ही टोकांना काळी टेप. मुरलीधर म्हणाला की देवीदासला बाहेर काढल्यावर तिसऱ्या दिवशी भय्यासाहेबांनीच ती कापायला लावली. हे सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

तार कापलेली असताना ॲपला कोण सांगतंय?

आणि बटणावर बर्फ होता. त्या गरम खोलीत! अंगठ्याएवढा पांढरा ठसा. मी बघत असताना वितळला नि पाण्याचा ओघळ भिंतीवरून खाली आला. घड्याळात ३:५० झाले होते. आम्ही दोघं पळत सुटलो, खोटं काहून सांगू.

२३ फेब्रुवारी

पार्वताबाई केबिनमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या. मग विचारलं, बाबू, तू कॉम्प्युटरचा माणूस आहेस, खरं सांग. त्यांनी बटण दाबलं असन का रे?

म्हणाल्या की भरपाईच्या पैशाचं जाऊ दे. पण लोक बेवडा म्हणून राहिले, पोरीच्या सासरी पण तेच बोलतात. ज्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही त्यांना. तेवढं एक कळलं की झालं.

दोन पावलांवर ती ओळ होती. मी म्हटलं, नाही बाई, काही नोंद दिसत नाही.

अच्छा, म्हणाल्या, आणि गेल्या. थू आहे माझ्यावर.

२५ फेब्रुवारी

भय्यासाहेबांनी सरळ सांगितलं. विम्याचा साहेब सोमवारी येतोय. भोंगा बंद झाला पाहिजे, जुन्या नोंदी गेल्या पाहिजेत. नाही तर मी माझी बॅग उचलावी, आणि बाईंनाही उद्यापासून यायचं कारण नाही. त्यांच्या डोळ्यात मला भीती दिसली. तीही माझ्याचसारखी.

ॲपची परवानगी काढून घेतली. कॉम्प्युटरची वही पुसली. दहा मिनिटं लागली.

पुसायच्या आधी त्या पानाची एक प्रिंट मारली, एकेचाळीस ओळींची. घडी करून याच वहीत ठेवलीय. बाईंना देईन. होळी झाली की देईन.

२ मार्च

साहेब येऊन गेला. मुरलीधरनं भोंग्यावरच्याच बटणानं भोंगा वाजवून दाखवला, साहेबानं सही केली.

चार नंबर परत सुरू. तार जोडली, बाहेर शेतांमधून माल येतोच आहे, खोली भरली. दांडा घट्ट आहे असं मी सांगितलं. भय्यासाहेब होळीनंतर बघू म्हणाले.

भोंगा गप्प. पण ॲपच्या फाइलीत रोज एकेचाळीस ओळी साठतात. मी उघडून बघितलं. बघायला नको होतं.

३ मार्च

झोप नाही. दुपार झाली की हात गार पडतात. खोलीत पंखा बंद, बाहेर ऊन, आणि माझी नखं निळी.

बाईंनी डब्यात झुणका-भाकर पाठवली. डबा तसाच झाकून ठेवला.

ठरलं. उद्या सुट्टी आहे, बाईंच्या घरी जाऊन कागद देतो. परत आलो की परवानगी पण चालू करतो. जाऊ दे नोकरी.

४ मार्च, धुळवड, दुपारी १२:४०

पेन्सिलीनं लिहितोय. दोरी तोडून घेतली.

निघालो होतो. वही खिशात, कागद वहीत. जाता जाता स्क्रीनवर बघितलं तर चार नंबरचं दार उघडं, तापमान वर चाललेलं. दोन मिनिटांचं काम. जॅकेट खिळ्यावर होतं, नाही घेतलं. अर्ध्या बाह्यांचा सदरा.

दारात क्रेट लावून आत आलो. दार मागे बंद झालं. क्रेट आतल्या बाजूला आहे. मी सरकवला नाही.

दांडा हलत नाही. खांद्यानं, लाथेनं, सगळं करून झालं. फोन केबिनमध्ये चार्जिंगला.

बटण दाबलं.

१२:५५

मुरलीधर मशीन रूममध्ये आहे. आज त्याचीच ड्यूटी. साठ पावलं असतील. भोंगा वाजला तर एका मिनिटात येईल.

वाजणार नाही. बटण ॲपला सांगेल, ॲप वहीकडे जाईल, कॉम्प्युटर म्हणेल परवानगी नाही. मीच काढली. तरी दाबतो. नऊ वेळा झालं.

१:२०

ओरडलो. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार.

क्रेटची प्लास्टिकं अंगाला गुंडाळली. चालत राहतो. दहा पावलं तिकडे, दहा इकडे.

दाराच्या खालच्या भागात ओरखडे आहेत. बुटाचे. रंग मारलाय वरून—

सव्वीस.

१:४५

बोटं वाकत नाहीत. मुठीत धरून लिहितो.

ज्याला ही वही सापडेल त्यानं— आतला कागद पार्वताबाईंना. महाराजपूर. त्यांनी बटण दाबलं होतं बाई. एकेचाळीस वेळा. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. ते प्यायले नव्हते.

आई बाबा

चौतीस

२:००

आता थंडी नाही वाटत. हे वाईट, मुरलीधर म्हणाला होता—

माझ्या पण ओळी फाइलीत साठल्या असतील. कुणीतरी नवीन येईल. परवानगी देईल. मग वाजेल.

चाळीस.

आता नाही दाबणार. एकेचाळीस झाले की देवीदास थांबले. मी नाही दाबणार. दोन्ही हात इथे, एकात पेन्सिल, दुसरा वहीवर. नाही दाब

खटका वाजला

मी नाही— बटण आत गेलंय, आतच आहे, कुणीतरी धरून ठेव