ठिगळ कोणाच्या हातचं

मामाजी, काल मी एका रायफलीवर तुमचं नाव लागू दिलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा फोटो पाहून नातू विचारतो, "दादी, ये दादाजी के पापा हैं न?" आणि मी नुसती मान हलवते. तरी ही गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी, कारण ती कळणारं दुसरं माणूस घरात उरलेलं नाही. माझा मुलगा इंदूरला बँकेत असतो, त्याला रायफल म्हणजे सिनेमातली. सासऱ्याला सुनेने पत्र लिहायचं म्हणजे तुमच्या काळात चार माणसांनी भुवया उंचावल्या असत्या. आता भुवया उंचावणारेही गेले, म्हणून लिहिते आहे.

मी वर्ध्याहून तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुमच्या धाकाने घाबरले नव्हते, वासाने घाबरले होते. बंदुकीच्या कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की तुम्ही सायकल भिंतीला टेकवायचात आणि तुमच्या आधी तुमच्या हातांचा वास स्वयंपाकघरात शिरायचा. रायफलीच्या लाकडाला जवसाचं तेल चोळायचं, दिवसभर, तळहाताने, लाकूड पिईल तितकं. तडकलेलं लाकूड कापून तिथे नवा तुकडा बसवायचा, म्हणजे बंदुकीला ठिगळ लावायचं, हे तुमचं खरं काम. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी हौसेने माहेरची जवसाची चटणी केली आणि वर तेलाची धार सोडून तुमच्या ताटात वाढली. तुम्ही घास हातातच ठेवलात. "सूनबाई, दिवसभर हेच बंदुकीले पाजून आलो. आता घरीबी हेच खाऊ काय?" सासूबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. चटणी तुम्ही संपवलीत, एवढं मी पाहिलं.

माझ्याबरोबर वर्ध्याहून माझ्या आईचा पोळपाट आला होता. गाडीत कुणाची तरी पेटी त्यावर आदळली आणि कडेचा तुकडा उडाला. तो झाकावा म्हणून मी गोहलपुरच्या बाजारातून वार्निशची डबी आणवली आणि एका दुपारी पोळपाट चकाचक करून टाकला. तुम्ही घरी आलात, बोटाने पाहिलात आणि माझा असा पाणउतारा केलात की अजून आठवला तरी कान तापतात. "लाकडाचं तोंड काहून बंद केलं? हे काय बाहुलीचं लग्न होय?" मी रडले, मग रागाने जेवले नाही. रविवारी तुम्ही ओसरीत बसून ते सगळं वार्निश काचेने खरवडून काढलंत आणि उडालेल्या जागी शिसवीचा तुकडा बसवलात. तुकड्याची दोन्ही टोकं तिरकी कापलेली, रेषेला रेष जुळलेली, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या लाकडाच्या बारीक खुंट्या खालच्या अंगाने ठोकलेल्या, म्हणजे वरून काही दिसू नये. मी विचारलं, पितळेची पिन का नाही मारली, शिंप्याच्या मशिनच्या लाकडी पाटाला असते तशी? तुम्ही म्हणालात, "लाकूड सुकते, पितळ सुकत नाही. दहा वर्षांनी पिन डोकं वर काढते आन् बोटाले लागते. कारखान्यात बाकीचे मारतेत. मी नाही मारत." तुम्ही मला दिलेली ती पहिली वस्तू. पोळी लाटताना मी आजही तो जोड बोटाने शोधते आणि मला तो सापडत नाही.

मग तुमचा मुलगा, माझा नवरा, काविळीने गेला. नातेवाईक बैठकीत बसून म्हणाले, पोरगी तरुण आहे, लेकरासकट माहेरी धाडा. मी आतून ऐकते आहे आणि तुम्ही म्हणता आहात, "ती काहून जाईल? तिचं घर हे होय." तोही कारखान्यातच होता, म्हणून त्याच्या जागेवर मला तिथे तपासणीच्या खात्यात घेतलं. लोकांनी तुमच्या तोंडावर नावं ठेवली, की सुनेला बंदुकीच्या कारखान्यात पाठवणारा हा कसला सासरा. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि रात्रीच्या भाजीचे मटार माझ्यापुढे ओतायचात. हिवाळ्यात जवळच्या पनागर गावचा मटार स्वस्त असायचा, आणि तो सोलता सोलता तुम्ही मला सगळं शिकवलंत. प्रत्येक रायफलीच्या मुख्य लोखंडी भागावर, म्हणजे बॉडीवर, नंबर असतो आणि तोच नंबर तिच्या बोल्टवर, म्हणजे गोळी आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्यावर असतो, कारण बोल्ट तिच्यापुरता घासून बसवलेला असतो. जुन्या लोखंडाची झाक काळसर निळी असते. नंतर दुरुस्तीत भट्टीत भाजलेला जाड काळा रंग चढवतात. वरून सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात. "सोयरिकीले गेलेल्या बाईवानी पाह्य," तुम्ही म्हणायचात. "चेहऱ्याकडे मंग. आधी टाचा पाह्य. जिथं कोणी पावडर लावत नाही, तिथं खरं असते." मी हसले की तुम्ही गंभीर व्हायचात. मला वाटतं, तुम्हाला माझं हसणं परत आलेलं आवडायचं आणि ते दाखवायचं नसायचं.

एकाहत्तरच्या लढाईचा हिवाळा तर तुम्हाला आठवतच असेल. खिडक्यांना काळे कागद, आणि दुरुस्तीला आलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्या राशी. नव्या रायफली पलटणींकडे गेल्या होत्या, तरी या जुन्यांनाही कुठे ना कुठे मागणी होतीच. घाईघाईत कुणीतरी एका अख्ख्या रांगेचे बोल्ट काढून रॉकेलच्या एकाच मोठ्या ट्रेमध्ये धुतले आणि हाताला येईल तो बोल्ट येईल त्या रायफलीत घातला. ही चूक बाहेरच्या माणसाला चूक वाटणारच नाही, सगळे बोल्ट सारखे आणि सगळे आत जातातच. फोरमन माझ्या टेबलाशी उभे. "मैडम, लड़ाई चल रही है. बोल्ट बैठ रहा है न? ठप्पा मारो." मी म्हटलं, "बैठ रहा है साहब, पर उसका नहीं है." ते भडकले. मी पास केल्याचा ठप्पा मुठीत धरून बसले, मूठ उघडली नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून नंबर जुळवले, शिफ्ट संपून गेली तरी. तुम्ही त्याच कारखान्यात, पलीकडच्या खात्यात; तुमच्यापर्यंत गोष्ट माझ्या आधी पोचली होती. ताटावर बसल्यावर एवढंच विचारलंत, "मारला काय ठप्पा?" मी म्हटलं, नाही. "मंग जेव. भाजी थंडी होऊन राहिली." यापेक्षा मोठी शाबासकी मला पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी दिली नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून सलते. पास झालेल्या प्रत्येक रायफलीवर माझा ठप्पा होता. तुमचं काही नव्हतं. ठिगळ लावणाऱ्याने कुठे नाव घालायचं नसतं, आणि ठिगळ जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. कारखान्याचं क्वार्टर सरकारला परत गेलं, तुमची हत्यारं कारखान्याची होती, तीही तिथेच राहिली. या शहरात चाळीस वर्षं राबलेल्या माणसाचं नाव कुठे वाचायचं म्हटलं तर जागा नाही.

म्हणून परवा सुभेदारसाहेबांचा फोन आला तेव्हा मी उभीच राहिले. हे आपल्या वसाहतीतले निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांचं छोटं सभागृह त्यांनी खटपट करून उभं केलं आहे. तिथे काचेत ठेवायला एक जुनी थ्री-नॉट-थ्री मिळाली आहे, नळीला भोक पाडून निकामी केलेली. "माताजी, इसमें लकड़ी का जोड़ है, यहीं का काम लगता है. आपके ससुरजी का ही होगा. आप देख के हाँ बोल दीजिए, बोर्ड पे उनका नाम लिखवा देंगे." रविवारी उद्घाटन. मी मुलाला फोन केला, त्याने लगेच तिकिटं काढली. नातू फोन हिसकावून विचारतो, "दादी, सच्ची में परदादाजी का नाम आएगा?" मी म्हटलं, येईल बेटा. बघितल्याशिवाय म्हटलं. काल कपाटातलं चांगलं पातळ नेसून गेले.

पोचले तर एक पेंटर वार्निशचा डबा उघडून तयार. त्याला मी आधी बाहेर बसवलं. मग सुभेदारसाहेबांना स्क्रू काढायला पेचकस घ्यायला लावलं आणि चष्मा पुसला. बॉडी आणि नळी एकाच नंबरची, अस्सल. बोल्टवरचा जुना नंबर खोडून नवा ठोकलेला. म्हणजे बोल्ट दुसरीचा, पण नीट बसवून दिलेला. मागचा दस्ता वेगळ्याच लाकडाचा, नंतरचा. वर भाजलेला काळा रंग, पण नळीखालचं लांब लाकूड उतरवलं आणि आत, जिथे रंग पोचलाच नव्हता, ती निळी झाक तशीच होती, ओल्या जांभळासारखी. सुभेदारसाहेब माणूस तिरसट, पण तेही वाकून पाहत राहिले. "तो माताजी, ओरिजिनल है कि नहीं?" मी म्हटलं, "आधी है. और जो नहीं है, वो भी झूठी नहीं है. बीमार पड़ी थी, इलाज हुआ है." वार्निश लावलंत तर हे सगळं बुजेल, हेही सांगितलं. जरा वादावादी झाली. पेंटर डबा घेऊन घरी गेला.

मग ते लांब लाकूड मी मांडीवर घेतलं. मागच्या टोकाला ठिगळ. दोन्ही टोकं तिरकी. मामाजी, माझे डोळेच भरून आले. रेषेला रेष जुळलेली, रंग एकजीव. सुभेदारसाहेब म्हणाले, "है न?" मी होच म्हणणार होते. सवयीने लाकूड उलटं केलं, तुमच्या खुंट्या पाहायला, आणि आतली बाजू कोरी होती. वरच्या बाजूने बोट फिरवलं. मळाखाली काहीतरी बोटाला लागलं. पितळेची पिन, डोकं वर काढलेली.

"नहीं साहब, ये उनका नहीं है."

"अरे माताजी, किसको पता चलेगा?"

मी लाकूड परत जागेवर बसवून दिलं. काम वाईट नव्हतं. कुणीतरी घाईत पण मन लावून केलं होतं, त्याच्याही घरी कुणी असेल. बोर्डवर काय लिहायचं ते मी सांगून आले: बॉडी आणि नळी मूळची, बोल्ट आणि दस्ता बदललेले, लाकडाची दुरुस्ती करणारा कारागीर माहीत नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू भी न." तिकिटं रद्द करणार नाही म्हणतो. नातवाला मी स्वतः सांगेन, आणि न रडता सांगेन.

हा कागद मी कपाटात ठेवणार नाही, कुणाच्या हाती लागायला नको, कारण एक गोष्ट सुभेदारसाहेबांनाही कळली नाही. नाही म्हणायच्या आधी, ते चष्मा शोधत होते तेवढ्यात, मी ती पिन अंगठ्याने आत दाबून पाहिली. जोर लावून दाबली. ती जराही खाली गेली असती ना मामाजी, तर मी गप्प बसले असते.