लॉरीचा सोमवार

आबा,

आज सोमवार आहे आणि आपली लॉरी दारातल्या कडुलिंबाखाली उभी आहे. बॉनेट उघडं आहे, दादा गोणपाटावर उताणा पडून खालून नट आवळतो आहे आणि आई त्याला मधूनमधून पाणी नेऊन देते आहे. तुम्ही गेल्यापासून हे दृश्य आपल्या घरात नव्हतं. ते परत कसं आलं, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून शाळेतून आल्याबरोबर लिहायला बसले. मी आता मुलींच्या शाळेत शिकवते. पुण्याला राहून बी.ए. झाले. तुम्ही गेलात तेव्हा मी इंग्रजी चौथीत होते. दादानं तेव्हाच शाळा सोडली आणि तो तुमच्या जागेवर जाऊन बसला. तो लॉरी चालवत राहिला म्हणून मी शिकत राहिले. त्यामुळे लॉरीचं काय करायचं हा प्रश्न घरात निघाला, तेव्हा मला त्यातून बाजूला राहणं शक्यच नव्हतं.

लॉरी घेतलीत तो दिवस मला अजून दिसतो. त्याआधी आपल्या गाड्या होत्या, बैल होते, आणि तुम्ही सुताच्या गाठी अक्कलकोटकडे पोचवत होता. एका ठेकेदाराच्या आवारात ही लॉरी उभी होती. तुम्ही तिच्याभोवती हळूहळू फिरलात, फळीवर थाप मारलीत, खुरं बघावीत तशी चाकं बघितलीत, आणि खांद्यावरचं उपरणं काढून ठेकेदाराच्या हातावर टाकलंत. तो गोंधळला. "हे काय?" म्हणाला. तुम्ही म्हणालात, "किंमत करायची हाय न्हवं? मग चार माणसांत तोंडानं कशाला बोलायचं?" त्या बिचाऱ्याला बैलबाजारातली बोटांची खूण ठाऊक नव्हती. ती तुम्ही त्याला उपरण्याखाली आधी शिकवलीत आणि मग त्याच्याशी घासाघीस केलीत. बघणारे पोट धरून हसले. आणि घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी तुम्ही लॉरी जागची हलवली नाहीत. सोमवारी बैल जुंपत नाहीत, म्हणून लॉरीही जुंपायची नाही. सुताचे व्यापारी शेठ चिडून दारात आले तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिला इसावा नको असंल शेठ, पर मला तिच्याकडं बघायला एक दिवस नको व्हय?"

बाकीच्या दिवशी पहाटे पुढचं हँडल फिरवून इंजिन सुरू करायच्या आधी तुम्ही बॉनेटवर हात ठेवून म्हणायचात, "ऊठ लेकरा, उजाडलं." बैलांना हेच म्हणायचात आणि मला शाळेसाठी उठवतानाही हेच. मला त्याचा राग यायचा. शास्त्राचं पुस्तक नुकतंच हातात आलं होतं. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, लोखंडाला कान नसतात." तुम्ही म्हणालात, "व्हय. पर मला हाईत की." तुम्हाला उत्तर सुचलं नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं. त्याच सकाळी मी हट्टानं हँडल धरलं आणि तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. आयुष्यात एकदाच मारलंत. "आंगठा गुंडाळू नगं! उलटं फिरलं की मनगट घिऊन जातंय." मग माझा हात हातात घेऊन अंगठा बाकीच्या बोटांशेजारी कसा ठेवायचा ते दाखवलंत. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण अंगठा मात्र त्या दिवसापासून पक्का झाला.

तुमच्यानंतर सोलापुरात लॉऱ्या वाढल्या आणि दादानं सोमवार सोडला. सोडावाच लागला, त्याला दोष नाही. पण वर्षानुवर्षं कुणी तिच्याकडे थांबून बघितलं नाही. या उन्हाळ्यात ती तुळजापूरच्या घाटात माल घेऊन बंद पडली. त्यानंतर एका पहाटे हँडल उलटं फिरलं आणि दादाचं मनगट मोडलं. शेठ घरी आले. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "माझं सूत वाटेत राहिलं की तिकडे विणकरांचे माग बंद पडून बसतात. दसऱ्यापर्यंत काय ते करा, नाहीतर मला दुसरी लॉरी बघावी लागेल." शेठचं काम गेलं असतं तर दादाला दुसऱ्याच्या लॉरीवर नोकरी करावी लागली असती. तेव्हापासून तो जेवताना नुसता भाकरीचे तुकडे करत राहायचा.

लॉरी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी इंजिन उघडून बघितलं. म्हणाले, "इंजन थक गया है बाई, हड्डी पक्की है." सिलिंडर घासायचे, नवे पिस्टन मुंबईहून मागवायचे, म्हणजे लॉरी कितीतरी आठवडे बंद. दुसरीकडे मोडनिंबच्या एका शेंगांच्या व्यापाऱ्याची वापरलेली लॉरी विकाऊ होती, लगेच मिळणारी. आई म्हणाली, "तू शिकल्याली हाईस, तू सांग." मी सांगितलं, घ्या. आपण जुन्या वस्तूंना कवटाळून बसतो म्हणून मागे पडतो, असं बरंच काही बोलले. मला ते मनापासून पटलेलं होतं. दादानं मान डोलावली.

प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारनं आम्ही तिघं मोडनिंबला गेलो. लॉरी छपराखाली उभी होती, हिरव्यागार नव्या रंगाची, हार घातलेली. व्यापारी म्हणाला, "बगा, नवरीवानी हाय." आई लगेच म्हणाली, "दिसाया हाय. सकाळी चूल पेटवती का ते बघाया आलोय." त्याच्या ड्रायव्हरनं हँडल मारलं आणि लॉरी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दादाचा चेहरा खुलला. मी सहज बॉनेटवर हात ठेवला. तव्यासारखं तापलेलं होतं.

आबा, त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. बैल घ्यायचा तर तुम्ही बाजारात घेत नव्हता. पहाटे विकणाऱ्याच्या गोठ्यापाशी जाऊन उभे राहायचात, बसलेला बैल कसा उठतो ते बघायला. मी विचारलं, "आत्ताच फिरवून आणली व्हय?" व्यापारी म्हणाला, "छे, उन्हानं तापलीया." ती तर छपराखाली होती. मी म्हणाले, "मग निवू द्या. आम्ही थांबतो."

आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो. आईनं भाकरी आणि शेंगांची चटणी सोडली, त्यालाही दिली. तो खाऊन उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "तुमची शेवटची मोटार जाईल की, बाई."

"जाऊ द्या," आई म्हणाली. "तुमची लॉरी हायच की. तिच्यातनंच सोडा आमाला सोलापुरात."

ऊन उतरल्यावर बॉनेट गार झालं. ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम झाला. शेवटी वाटेवरची माणसं बोलावून लॉरी उतारावर ढकलली, तेव्हा कुठे ती निळा धूर सोडत सुरू झाली. आई म्हणाली, "अगं बाई, नवरीला उठवायला सगळं गाव लागतंय." व्यापारीसुद्धा हसला. मोटारीत परत येताना दादा म्हणाला, "आपली लई वरडती, पर खोटं न्हाय बोलत."

घरी येताच मी माझं मत बदललं. आपल्या लॉरीचं काय दुखतं हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या लॉरीचं दुखणं घाटात कळलं असतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच शेठच्या पेढीवर गेले. म्हणाले, दुरुस्ती होईपर्यंत तुमचं सूत आम्ही बैलगाड्यांनी पोचवू. आबा, तुमचे जुने सोबती अजून गाड्या हाकतात. तुमचं नाव काढल्याबरोबर ते तयार झाले होते. शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "बी.ए. होऊन बैलगाडी?" मी म्हणाले, "सूत रोज निघेल, वाटेत राहणार नाही. एवढंच बघा." त्यांनी बघितलं. सावकाश का होईना, रोज निघालं. एकही माग बसला नाही, हे त्यांनीच पुढे आईला सांगितलं.

आईनं एकच अट घातली: सोमवार पुन्हा पाळायचा. मी वाद घातला नाही. महादेवाच्या बैलाशी इंजिनाचा संबंध नाही, हे मी आजही वर्गात सांगेन. पण आठवड्यातून एक दिवस माणसानं आपल्या लॉरीकडे नीट बघावं, हे तुमचं म्हणणं कुठल्याही शास्त्राच्या पुस्तकात शोभलं असतं.

दसऱ्याआधी लॉरी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताच्या गाठी भरल्या. दादाच्या मनगटात अजून जोर नव्हता, तो आत बसला आणि हँडल मी धरलं. शेठ दारात उभे होते, गाडीवाले उभे होते, शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. अंगठा बोटांशेजारी ठेवला. नव्या पिस्टनांमुळे इंजिन फार घट्ट झालं होतं. पहिला झटका वाया गेला, दुसराही गेला. मग ती जी गरजली! दादानं आतून ओरडून विचारलं, "काय केलंस गं?" मी पदरानं हात पुसत म्हणाले, "काही नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण जमलं." शेठनी कौतुकानं मान हलवली. त्यांचं काम आपल्याकडेच आहे.

हे पत्र टपालात टाकता येण्यासारखं नाही, म्हणूनच आणखी एक गोष्ट लिहिता येते. दुसरा आणि तिसरा झटका यांच्यामध्ये मी बॉनेटवर हात ठेवला होता आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले होते, "ऊठ लेकरा, उजाडलं." लोखंडाला कान नसतात, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे. पण ते मला ऐकू आलं, आबा, आणि मी तिसरा झटका मारला.