आडात खडा

३ फेब्रुवारी
उशीर झाला लिहायला, माफी असावी. चांगुणा मुदखेडला लेकीकडे, महामायेकडे गेली, तेव्हापासून वही उघडलीच नाही. बायको घरात नाही तर लिहायचं तरी काय? उठलो. दूध उतू गेलं. बसलो. झोपलो.

रोजच्यासारखा आजही वस्तीच्या आडात खडा टाकून पाहिला. ठक्! कोरड्या दगडावर आपटला. शेजारची बुद्धप्रिया अंगणातून ओरडली, "काका, असेच खडे टाकत राहिलात तर आड बुजून जाईल!" पोरीची जीभ लई तिखट. पण तेव्हापासून धास्ती बसली आहे. किती खडे टाकले असतील मी? उद्यापासून बारका टाकीन.

५ फेब्रुवारी
चांगुणेचा फोन. गोळ्या घेता का, दाराला कडी लावता का — तेच. मी विचारलं, कधी येतेस?

"टँकरपाशी भांडणं आता व्हत न्हाईत माझ्यानं. गुडघे गेले. हितं लेकीच्या घरात नळ हाय. आडाला पाणी येऊ द्या, त्याच दिवशी निघते बघा."

आडाला पाणी! कंपनीनं रस्त्यापलीकडे बोअर पाडले, पाण्याच्या बाटल्यांचा कारखाना घातला, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात आड आटला. आता तो कशाला भरतोय? म्हणजे येणारच नाही असं म्हणायचं होतं का तिला? नीट विचारायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचतं सगळं.

८ फेब्रुवारी
आज दिवसभर आडच डोक्यात. धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या साली आमच्या माणसांनी तो खणला. तोवर गावच्या विहिरीपाशी आम्ही खाली उभे राहायचो. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन. मी तेव्हा लहान. मला एकच काम — वर आलेल्या टोपलीतले दगड बाजूला रचायचे. पाणी लागलं तेव्हा तळातून बाप ओरडला. वर काय करावं कुणालाच कळेना. मग आईनं ते गढूळ पाणी पदरातून गाळलं आणि ज्याला त्याला ओंजळ-ओंजळ दिलं. मातीची चव होती. त्यानंतर पुष्कळ पाणी प्यालो, पण तसं नाही.

पुढं चांगुणा नवी नवरी होऊन आली. पहिल्याच दिवशी पोहरा आडात सोडून बसली — दोरासकट! बाया पोट धरून हसल्या. "व्यंकटीच्या बायकोनं आडाला आहेर केला!" मी गळ टाकून पोहरा काढला, तोवर ती पदराआडून बघत उभी. संध्याकाळी म्हणाली, "मुद्दाम न्हाई सोडला हां."
मला अजून शंका आहे.

१४ फेब्रुवारी
कारखान्याची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मोठा आवाज झाला, मग काळा धूर. मशीनची घरघर बंद, बोअरच्या मोटारीही बंद. इतकं शांत की दुपारची डुलकी लागेना.

१९ फेब्रुवारी
ठक् नाही. डुबुक!

वाटलं, कान गेले. पुन्हा टाकला. डुबुक! बुद्धप्रियाला हाक मारली. तिनं बादली सोडली, ओढली, आणि तिथंच फतकल मारून बसली. "काका… पाणीच हाय हो हे!" सगळी वस्ती धावली.

गेल्या वर्षी कंपनीचे साहेब इथंच उभं राहून म्हणाले होते, "आजोबा, आमचं पाणी खालच्या थरातलं, तुमचं वरच्या. दोघांचा काही संबंध नाही." मी मान डोलावली होती. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून!

दुपारी गावातले जमीनदार आप्पासाहेब आले, स्वतः कळशी घेऊन. कारखान्याला जमीन त्यांनीच दिली. आता त्यांच्याही विहिरीत खडखडाट. आडापासून लांबच थांबले.
"व्यंकटराव, एक कळशी मिळंल का?"
जन्मात पहिल्यांदा राव! बुद्धप्रिया म्हणाली, "घ्या की. पण स्वतः शेंदा. वरून कुणी ओतणार न्हाई."
शेंदलं त्यांनी. मी दोर धरू लागलो.

चांगुणेला फोन केला. "खोटं बोलून बोलावताय मला." मग मोबाईल आडावर नेला आणि खडा टाकून आवाज ऐकवला. तिनं पुन्हा टाकायला लावला. मग म्हणाली, "परवा येते. नांदेडला येऊन सकाळची एस्टी धरते."

२० फेब्रुवारी
आप्पासाहेब सांगून गेले — उद्या सकाळी कारखान्याची नवी डीपी ट्रकमधून येतेय.

आता चांगुणेला कळवू का? कळवलं तर येणार नाही. नाही कळवलं, आणि ती आली, आणि आडात पुन्हा ठक् — तर? रांजण भरला. घागरी भरल्या. बादल्या, पातेली, तांबे, पेले, सगळं भरून ठेवलं. फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. ठेवला.

बुद्धप्रिया म्हणाली, "भांडी काय भरून राहिलात काका? उद्या रस्त्यावर बसायला या. ट्रक येऊच द्यायचा न्हाई."
पोलीस येतील. मला बीपी आहे. मी जाणार नाही.

२१ फेब्रुवारी
गेलो. सगळ्यांच्या मागे बसलो, बाभळीच्या सावलीला.

ट्रक आला, थांबला. हॉर्नवर हॉर्न. त्याच्या मागे नांदेडची एस्टी अडकली. आणि तिच्यातून पिशवी घेऊन चांगुणा उतरली! मला पाहून लांबूनच — "अहो, उन्हात काय करून राहिलात? गोळी घेतली का?"
मी म्हटलं, तू घरी जा, पाणी भरून ठेवलंय. मग ट्रककडे बोट करून सगळं सांगितलं. कालच का सांगितलं नाही, असं ती म्हणाली नाही. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली ती थेट पुढं, ट्रकच्या चाकासमोर, बुद्धप्रियाशेजारी बसली. ते गुडघे घेऊन!

उन्हं कलल्यावर ट्रक मागे फिरला. पण पुढं बसलेल्या बायांना पोलिसांनी गाडीत घालून तालुक्याला नेलं. मी गाडीमागे धावलो. "म्हातारबा, तुम्ही राहा!" म्हणाले. गाडीच्या जाळीतून तिचा आवाज आला, "रांजणावर झाकण ठेवा!"

२२ फेब्रुवारी
सकाळी खडा टाकला. डुबुक.

झाकण ठेवलंय. तुझी पिशवी खुंटीला आहे, उघडली नाही. रांजणातला घोटही घेतला नाही, पहिला तांब्या तुझा. चांगुणे, ही वही तू कधी वाचत नाहीस, तरी लिहितो — बरी आहेस ना, कधी सोडतात, एवढं कुणाकडून तरी कळव. लवकर कळव गं.