तरंगणारा चांद

७ मे १९७२, रविवार

उद्या रायफल क्लबची निवड, कार्बाइन या आखूड बंदुकीसाठी एकच जागा, आणि आज दोनशे यार्डांवर माझ्या गोळ्या सारख्या वर! पुस्तकं वाचून स्वतः शिकलो मी. श्वास, चाप, मागची साइट, सगळं नेमकं होतं. मग चूक कुठे? उन्हाच्या झळांत निशाणाचा काळा चांद पाण्यावर असल्यासारखा हलत होता. इतका सुंदर, की चाप ओढायचं विसरलो.

चांदमारीच्या मैदानावर निशाणं लावणारे सुखदेवभाऊ हसले. "काहून चिडता गा? झळ चांदाले उचलून राहिली. तो दिसते तिथं नाहीच. जरासं खाली धरा."

धरलं. गोळी मधोमध! तो चांद अजून डोळ्यांपुढे तरंगतो आहे.

निवडीच्या अर्जात 'शिकवणारा' असा रकाना आहे. दरवेळी 'स्वतः' लिहितो. आज सुखदेवभाऊंचं नाव लिहायला घेतलं, तर आडनावच माहीत नाही.