डावा कोपरा

ताई,

आई गेल्यावर तिचा ओव्हन मी उचलून आणला, म्हणून दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. नको बोलूस.

हिवाळ्याची सुट्टी लागली, तशी काल पहिल्यांदाच त्यात आईची जायफळाची बिस्किटं केली. डाव्या कोपऱ्यातली सहा करपलीच, पूर्वीसारखी. लहानपणी ट्रे बाहेर आला की तू त्यांच्यावरच झडप घालायचीस. "करपलेली माझी! मला तीच आवडतात." आणि मी आईकडे चुगली करायचे, ताई हावरट आहे म्हणून.

काल त्यातलं एक तोंडात टाकलं. कडू जहर! थुंकूनच टाकलं. मग उरलेली पाचही चाखून पाहिली; एकही खाण्यासारखं नव्हतं.

आज हट्टालाच पेटले. दर चार मिनिटांनी ट्रे फिरवला. दोन बोटं भाजली, दोन घाणे वाया गेले. नवरा म्हणाला, "विकत आण की!" त्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं. तिसऱ्या घाण्यात एकही करपलं नाही.

डबा उद्या तुझ्याकडे निघेल. हे पत्र मात्र त्यात घालणार नाही. वाचलंस तर पुन्हा म्हणशील, मला करपलेलीच आवडतात.

आता गपचूप चांगली खा.

तुझी चुगलखोर,
धाकटी