घासलेल्या खडीची कैफियत

सालवड (बोईसर),
१२ फेब्रुवारी १९८९

तीर्थरूप नरहरीमामांच्या चरणी भाची मंदाकिनीचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सर्वांची प्रकृती ठणठणीत आहे. निवर्तले आहेत ते केवळ माझे जीवाणू, आणि तेही आपल्या सख्ख्या बहिणीच्या हातून.

आमच्या चाळीमागे मी मोरीचे सांडपाणी शुद्ध करण्याच्या दोन व्यवस्था उभारल्या होत्या. एका पिंपात खडी भरली होती. खडीवर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो व तोच पाण्यातला मळ खातो. शेजारी वाळूच्या चरात कर्दळ लावली होती; तिच्या मुळांशी राहणारे जीवाणू तेच काम सावकाश करतात. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी मी दोघांना मापून समान देत असे. (सख्ख्या भावांतही इतकी निःपक्षपाती वाटणी मी पाहिलेली नाही.) एकविसाव्या दिवशी पिंपातले पाणी कर्दळीहून स्वच्छ उतरले. दुसऱ्या दिवशी पालघरहून आमचे सर तपासणीस येणार होते. त्यांना पटले असते तर प्रयोग जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होता.

मी वाचनालयातून परतले, तो पिंप रिकामे! आई व शेजारच्या राहीबाई एकेक खडा काथ्याने घासून उन्हात मांडत होत्या. "उद्या सर येणार आणि दगडांवर ही घाण? लोक म्हणतील, आईनं हेच वळण लावलं!" इति आई. मला रडू आवरेना; "माझे जीवाणू" एवढेच मी म्हणू शकले. राहीबाईंनी पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको पोरी, एक पन रायला नाय. सोडा टाकून धुतलाय आमी!"

सरांपुढे त्या लखलखीत खडीतून पाणी जसे गेले तसेच, फेसासकट, बाहेर आले. "म्हणजे कर्दळ जिंकली," सर म्हणाले. जिंकली? प्रतिस्पर्ध्याला आदल्या दिवशी सोड्याने धुऊन काढल्यावर कोणीही जिंकेल! चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे आपण जाणता. तरीही (जमिनीकडे पाहून का होईना) मी म्हटले, हा निकाल मला मान्य नाही. सरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली आहे.

आपली,
मंदाकिनी

ता. क. : थर पुन्हा चढण्यास तेवढेच दिवस लागतात. आई मात्र रोज पिंपात डोकावून "जरासा हात फिरवू का?" असे विचारते. तरी आपण तिला तातडीने तीन आठवड्यांच्या माहेरपणास बोलवावे.

दुसरा ता. क. : आई गेल्यास घरातले सांडपाणी घटेल व तुलना पुन्हा बिघडेल. म्हणून तिच्या जागी मामींना इकडे पाठवावे. मोरीत कितीही बुळबुळ साचली तरी त्यांचा जीव कासावीस होत नाही, असे आई नेहमी सांगते. (हे पत्र कृपया मामींच्या हाती पडू देऊ नये.)